स्टार आउटफिल्डरचं कार्ड कसं जोखायचं? मुकी बेट्स, २०१८ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलावर फासे टाकून खेळायच्या बेसबॉलमध्ये नवा माणूस आला की सगळ्यात आधी तो नावं बघून कार्डं उचलतो. नावामागच्या आकड्यांना मान द्यावा, पण संघ बांधताना कार्डावरच्या ओळी मोजाव्यात, हे या पानाचं सांगणं आहे. उदाहरणासाठी बॉस्टन रेड सॉक्सचा तेव्हाचा राइट फिल्डर (आउटफिल्डमधल्या, म्हणजे सीमेकडच्या तिघांपैकी उजवीकडचा) मुकी बेट्स याचा २०१८ चा हंगाम घेतला आहे. खेळ मुख्यतः स्ट्रॅट-ओ-मॅटिक धरला आहे, एपीबीए या तशाच दुसऱ्या खेळाबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

हा खेळ चालतो कसा? बेसबॉल फारसा माहीत नसला तरी कळेल का?

कळेल. हॅल रिचमन यांनी स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ मध्ये बाजारात आणला. प्रत्येक फलंदाजाचं एक कार्ड आणि प्रत्येक पिचरचं, म्हणजे गोलंदाजाचं, एक. तीन फासे एकदम टाकायचे, त्यातला एक पांढरा. पांढऱ्यावर १, २ किंवा ३ आला तर उत्तर फलंदाजाच्या कार्डावर त्या क्रमांकाच्या रकान्यात शोधायचं, आणि ४, ५ किंवा ६ आला तर पिचरच्या कार्डावर. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे रकान्यातली ओळ, २ पासून १२ पर्यंत. त्या ओळीत 'होम रन', 'वॉक', 'स्ट्राइकआउट' असं काय लिहिलंय ते घडलं असं धरायचं. पहिला, दुसरा, तिसरा बेस गाठून घरी परतलं की एक धाव. सिंगलवर एक बेस मिळतो, डबलवर दोन, ट्रिपलवर तीन, होम रनवर फलंदाज थेट घरी; वॉक म्हणजे चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट मिळालेला पहिला बेस, स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद.

शाळेत आपण पुस्तक उघडून बुक क्रिकेट खेळायचो, त्यात गावसकर आणि अकरावा फलंदाज यांना पानं एकच नशीब द्यायची. इथे तसं नाही. इथे प्रत्येकाचं नशीब त्याच्या खऱ्या हंगामावरून मोजून छापलेलं असतं, आणि सगळी गंमत त्यात आहे.

हंगामाचे आकडे कार्डावर छापलेलेच असतात. मग ओळी मोजायची गरज काय?

कारण फासे ते आकडे वाचत नाहीत, ओळी वाचतात. बेट्सच्या २०१८ च्या आकड्यांत .३४६ सरासरी (वॉक वगैरे वगळून उरलेल्या प्रयत्नांत हिटचं प्रमाण), ३२ होम रन, ४७ डबल, ३० चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले) दिसतात. त्या वर्षी तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) सरासरीतला अव्वल आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला, क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह मिळाला, आणि नियमित हंगामात १०८ सामने जिंकणाऱ्या रेड सॉक्सनी डॉजर्सना हरवून वर्ल्ड सिरीजही जिंकली. हे सगळं खरं असलं तरी तुमच्या टेबलावर तुमचं मैदान वेगळं असतं, समोरचे पिचर वेगळे असतात. डावखुऱ्या आणि उजव्या पिचरसमोरचे त्याचे आकडे छापील सरासरीत मिसळून गेलेले असतात. कार्ड ते वेगळे करून दाखवतं, म्हणून कार्ड वाचायचं.

ओळी मोजायच्या म्हणजे नेमकं काय करायचं?

दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात. बेरीज ७ यायचे सहा मार्ग, ६ आणि ८ यायचे पाच-पाच, ५ आणि ९ चे चार-चार, ४ आणि १० चे तीन-तीन, ३ आणि ११ चे दोन-दोन, २ आणि १२ चा एकेक. तीन रकाने मिळून फलंदाजाच्या कार्डावर १०८ संधी. पिचरच्या कार्डावरही १०८. एकूण २१६.

आता पेन्सिल घ्या. ७ क्रमांकाच्या ओळीत 'होम रन' असेल तर ६ संधी लिहा. ३ च्या ओळीत असेल तर २. काही ओळी तुटलेल्या असतात: समजा ८ च्या ओळीत 'होम रन १-८, डबल ९-२०' लिहिलंय. तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा असतो. म्हणजे पाच संधींपैकी ८/२० होम रनच्या, म्हणजे २, आणि उरलेल्या ३ डबलच्या. अशी वॉक, सिंगल, डबल, होम रन यांची वेगवेगळी बेरीज करा. पहिल्या दोन-तीन कार्डांना वेळ लागेल, नंतर नजर बसते.

नवे खेळाडू एक गोष्ट हमखास चुकतात. रकान्यात 'होम रन' किती वेळा लिहिलंय ते मोजतात, पण कुठल्या ओळीत लिहिलंय ते पाहत नाहीत. २, ३ आणि १२ या तिन्ही ओळींत होम रन असलेलं कार्ड दिसायला भरगच्च वाटतं, पण त्या तीन ओळी मिळून ४ संधी होतात. एकट्या ७ च्या ओळीत ६ असतात.

कार्ड हातात नसताना अंदाज बांधता येतो का?

येतो. सूत्र सोपं आहे: खेळाडूचं प्रमाण दुप्पट करा आणि त्यातून लीगचं प्रमाण वजा करा.

कारण असं की निम्मे निकाल पिचरच्या कार्डावरून येतात, आणि पिचर सरासरी धरले तर तिथे बेट्सलाही लीगच्या सरासरीइतकंच मिळतं. मग त्याचा खरा आकडा गाठायचा तर त्याच्या स्वतःच्या कार्डाला दुप्पट काम करावं लागतं.

२०१८ मध्ये मेजर लीगची ऑन-बेस टक्केवारी (फलंदाज बेसवर पोचण्याचं प्रमाण) .३१८ होती, बेट्सची .४३८. दुप्पट .८७६, वजा .३१८, उरले .५५८. १०८ संधींनी गुणलं की ६०. म्हणजे त्याच्या कार्डावर १०८ पैकी साधारण ६० संधी बेसवर नेणाऱ्या असायला हव्यात. फलंदाजीच्या प्रत्येक वेळेला आपण खेप म्हणू. ६१४ खेपांत त्याने ८१ वॉक घेतले, म्हणजे १३.२ टक्के. लीगचे ८.५ टक्के होते. तोच हिशेब केला की वॉकच्या १९ संधी येतात. होम रन ५.२ टक्के, लीगचे ३ टक्के, म्हणून ८ संधी. डबल ७.७ टक्के, लीगचे सुमारे ४.५, म्हणून १२ च्या आसपास.

सगळ्यात बोलका आकडा स्ट्राइकआउटचा. २०१८ हा मेजर लीगच्या इतिहासातला पहिला हंगाम, ज्यात हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. लीगचं प्रमाण २२ टक्क्यांच्या वर गेलं होतं आणि बेट्स १५ टक्क्यांच्या आत होता. त्याच्या कार्डावर स्ट्राइकआउटच्या जेमतेम ८ संधी निघतात. त्या काळात असा ताकदवान फलंदाज दुर्मीळ होता.

हा कागदावरचा अंदाज आहे. छापील कार्डात मैदानाचा आणि पिचरच्या हाताचा हिशेब मिसळलेला असल्याने एक-दोन संधी इकडेतिकडे होतील. पण चारपेक्षा जास्त फरक दिसला तर थांबून कारण शोधा, कारण बहुतेकदा मोजणीत चूक असते.

हे सूत्र सगळ्यांनाच लागू पडतं का? टोकाच्या खेळाडूंचं काय?

ताकदवान फलंदाज बॅरी बॉन्ड्सचा २००४ चा हंगाम घ्या. ऑन-बेस टक्केवारी .६०९, नॅशनल लीगची सुमारे .३३३. दुप्पट वजा लीग केलं की .८८५ येतं, म्हणजे १०८ पैकी जवळजवळ ९६ संधी! बाद व्हायला फक्त १२ उरतात.

पण त्याच्या २३२ वॉकपैकी १२० मुद्दाम दिलेले होते. समोरच्या मॅनेजरने त्याला खेळूच दिलं नाही. टेबलावर तो निर्णय तुमच्यासमोर बसलेल्या माणसाचा असतो. ते १२० बाजूला काढले तर टक्केवारी .५१५ उरते आणि संधी ७५ च्या आसपास येतात. ९६ आणि ७५ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून अशा खेळाडूचं कार्ड घेताना त्या खेळाने मुद्दाम दिलेले वॉक कसे धरलेत ते आधी बघा, ओळी मोजा, आणि मगच बोली लावा.

बेट्सच्या नावावर फक्त ८० आरबीआय (त्याच्या खेपेमुळे संघाला मिळालेल्या धावा) आहेत. मग तो खरंच इतका मोलाचा कसा?

आरबीआय कार्डाच्या ओळींत उतरत नाही. बेट्स पहिल्या क्रमांकावर खेळायचा. प्रत्येक सामन्याची त्याची पहिली खेप रिकाम्या बेसवर व्हायची, आणि नंतरही त्याच्या आधी संघातले शेवटचे, सगळ्यात दुबळे फलंदाज खेळायचे. धावून आणायला बेसवर माणूसच नसेल तर ८० हेच खूप झाले. त्याच हंगामात त्याने स्वतः १२९ धावा काढल्या. तेच कार्ड तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर ठेवलंत तर आरबीआय आपोआप वाढतील. आरबीआय बघून आउटफिल्डर निवडणाऱ्या प्रतिस्पर्ध्यामुळे चांगली कार्डं खेळाडू निवडीच्या खालच्या फेरीपर्यंत उरतात, त्यांचा फायदा घ्या.

एका संधीची किंमत किती?

हे पाठ करून ठेवा, पुढचे सगळे वाद इथे मिटतात. २१६ मधली एक संधी म्हणजे ६०० खेपांच्या हंगामात सुमारे २.८ प्रसंग.

आधुनिक बेसबॉलमध्ये वॉकची किंमत साधारण ०.३ धाव, सिंगलची ०.४५, डबलची ०.७५, होम रनची १.४, आणि एका बादमुळे पाव धावेहून थोडं जास्त नुकसान. तेव्हा बादची एक संधी काढून तिथे वॉक ठेवला तर हंगामात सुमारे १.६ धावा वाढतात. सिंगल ठेवला तर २, डबल ठेवला तर २.८, होम रन ठेवला तर ४.६. साधारण दहा धावांमागे एक विजय धरला जातो. म्हणजे होम रनच्या दोन संधी जास्त असलेलं कार्ड हंगामात जवळजवळ एक सामना जास्त जिंकून देतं.

बेट्स की ट्राउट? २०१८ मधून एकच घ्यायचा असेल तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो रास्तच आहे. त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात बेट्स पहिला आणि एंजल्सचा सेंटर फिल्डर माइक ट्राउट दुसरा होता. ट्राउटचे आकडे: .३१२ सरासरी, .४६० ऑन-बेस, ३९ होम रन, १२२ वॉक, ६०८ खेपा.

वरचंच सूत्र त्याला लावलं की वॉकच्या ३४ संधी येतात, म्हणजे बेट्सपेक्षा १५ जास्त. होम रनच्या साडेदहा, म्हणजे अडीच जास्त. पण डबलच्या चारच, बेट्सपेक्षा आठ कमी, आणि सिंगलही पाचेक कमी. आता मघाची किंमत लावा. वॉकमधून ट्राउटला २४ धावा मिळाल्या, होम रनमधून ११-१२. बेट्सला डबलमधून २२ आणि सिंगलमधून १० परत मिळाल्या. हिशेब तीन-चार धावांनी ट्राउटच्या बाजूला झुकतो, म्हणजे व्यवहारात बरोबरी.

मग निवडायचं कशावरून? इथून पुढे तुमचा संघ बोलायला लागतो.

ट्राउटच्या कार्डावरचे बहुसंख्य फायदे वॉकमधून येतात, आणि वॉकमुळे दुसऱ्या बेसवरचा माणूस घरी येत नाही. तुमच्या संघात त्याच्या आधी खेळणारे दोन-तीन फलंदाज सतत बेसवर चढणारे असतील तर त्यांना घरी आणायला हिट लागतात, आणि तिथे बेट्सचं कार्ड जास्त कामाचं. कार्डावर सिंगलपुढे किती तारे आहेत तेही बघा: दोन तारे असले तर बेसवरचे सगळे दोन-दोन बेस पुढे जातात, एक तारा असला तर एकच. उलट तुमच्या मधल्या फळीत होम रन मारणारे तिघे-चौघे असतील तर त्यांच्या आधी नुसता बेसवर उभा राहणारा माणूस सोन्यासारखा. तिथे मी ट्राउट घेईन.

दुसरं, ट्राउटच्या कार्डावर स्ट्राइकआउटच्या सुमारे २० संधी निघतात, बेट्सच्या ८. तिसऱ्या बेसवर माणूस आणि एक बाद असताना हा फरक जाणवतो, कारण स्ट्राइकआउटवर कोणी हलत नाही. पण याला लोक वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतात. पहिल्या बेसवर माणूस असताना स्ट्राइकआउट हा डबल प्लेपेक्षा (एकाच चेंडूवर दोघे बाद) कितीतरी स्वस्त असतो. म्हणून बेट्सचं कार्ड हातात आलं की बादच्या ओळींत 'जीबी-ए' किती आहेत ते मोजा. तो ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून गेलेला फटका, डबल प्ले घडवतो. 'जीबी-सी' त्यामानाने निरुपद्रवी. उंच झेलांतही 'फ्लाय-ए' वर बेसवरचे पुढे सरकतात, 'फ्लाय-सी' वर कोणीच हलत नाही.

आणि तिसरं, जागा. ट्राउट तेव्हा सेंटर फिल्डला खेळायचा. मध्यभागी बरा खेळाडू मिळणं कोपऱ्यांपेक्षा नेहमीच अवघड असतं. तुमच्याकडे सेंटरला माणूस नसेल तर वाद तिथेच संपतो.

कार्डाला दोन बाजू का असतात? कुठली जास्त महत्त्वाची?

एक बाजू डावखुऱ्या पिचरसमोरची, दुसरी उजव्यासमोरची. उजव्या हाताचे पिचर बहुसंख्य, म्हणून बहुतेक लीगमध्ये त्या बाजूवर दोन-तृतीयांशाहून जास्त खेपा पडतात. बेट्ससारखा उजव्या हाताचा फलंदाज सहसा डावखुऱ्यांसमोर जास्त चमकतो, आणि ती झगझगीत बाजूच विक्रेता पुढे करतो. तुम्ही उजव्या पिचरसमोरची बाजू आधी मोजा. दोन्ही बाजूंची बेरीज करताना ७० आणि ३० टक्के वजन द्या, किंवा तुमच्या लीगमधल्या संघांचे पिचर मोजून वजन ठरवा. छोट्या लीगमध्ये हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि फायदा हंगामभर मिळतो.

मैदानाचा किती परिणाम होतो?

प्रगत नियमांनी खेळत असाल तर खूप. कार्डांवर काही ओळींत छोटा चौकट-हिरा किंवा त्रिकोण छापलेला असतो. हिरा आला की वीस बाजूंचा फासा टाकून मैदानाचा होम रनचा आकडा बघायचा. मैदान १-१५ असेल तर पंधरापर्यंत होम रन, १-५ असेल तर पाचपर्यंतच, पुढे झेलबाद. समजा कार्डावर हिऱ्याच्या ५ संधी आहेत. पहिल्या मैदानावर त्यातून पावणेचार होम रनच्या संधी होतात, दुसऱ्यावर सव्वा. त्रिकोण सिंगलसाठी. आणि डाव्या-उजव्या फलंदाजांसाठी मैदानाचे आकडे वेगळे असतात, हे विसरू नका.

आता बेट्सची खास गोष्ट. त्याचं तेव्हाचं घरचं मैदान बॉस्टनचं फेनवे पार्क. डावीकडचा खांब जेमतेम ३१० फुटांवर आणि त्यावर ३७ फूट उंच हिरवी भिंत, 'ग्रीन मॉन्स्टर'. उजव्या हाताच्या फलंदाजाने डावीकडे खेचलेला उंच चेंडू, जो दुसरीकडे सहज झेलला गेला असता, इथे भिंतीवर आदळून डबल होतो. उलट सपाट आणि जोरकस फटका, जो दुसरीकडे होम रन झाला असता, तोही भिंतीवर अडतो. ४७ डबलमध्ये या भिंतीचा हात आहेच.

स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या मैदानाच्या आकड्यांत होम रन आणि सिंगल आहेत, डबलसाठी वेगळा आकडा नाही. त्यामुळे कार्डावर जितके डबल छापलेत तितके ते कार्ड कुठल्याही मैदानावर घेऊन जातं. तुमचं घरचं मैदान होम रनला कंजूस असेल तर डबलवर उभं असलेलं बेट्सचं कार्ड तिथे कमी मार खातं. होम रनवर उभं असलेलं कार्ड मात्र अशा मैदानावर सुकतं. कार्ड आणि मैदान एकत्र निवडा, हा माझा आग्रह आहे.

आउटफिल्डरच्या क्षेत्ररक्षणाला किती किंमत द्यावी?

इथे भावना आणि हिशेब यांची फारकत होते. बेट्सच्या झेपा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे पटायला जड जाईल, पण राइट फिल्डरकडे या खेळात चेंडू फार कमी वेळा जातो.

क्षेत्ररक्षणाची श्रेणी १ ते ५, त्यात १ सर्वोत्तम. पिचरच्या कार्डावर काही ओळींत 'एक्स' असतो. तो आला की त्या जागेच्या खेळाडूची श्रेणी बघून तक्त्यावरून निकाल लावायचा. १०८ पैकी अशा ३० संधी. त्यांतल्या ७ शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), ६ सेकंड बेसकडे, सेंटर फिल्डकडे ३, आणि लेफ्ट व राइट फिल्डकडे फक्त २-२.

संघाविरुद्ध सामन्यात साधारण ३८ खेपा होतात असं धरलं तर १६२ सामन्यांत शॉर्टस्टॉपची परीक्षा सुमारे २०० वेळा होते, सेंटर फिल्डरची ८५ वेळा, आणि राइट फिल्डरची ५७ वेळा. म्हणजे तीन सामन्यांतून एकदा. समजा तुमच्या तक्त्यानुसार १ आणि ३ या श्रेणींमध्ये दर दहा चेंडूंमागे दोन हिटचा फरक पडतो. मग राइट फिल्डला हंगामात ११ हिट वाचतात. आउटफिल्डमधली हिट म्हणजे बऱ्याचदा डबल किंवा ट्रिपल, तेव्हा नऊ-दहा धावा वाचल्या म्हणा. हीच श्रेणी सेंटरला मिळाली तर चौदा-पंधरा.

नऊ-दहा धावा म्हणजे होम रनच्या दोन संधी. हा आकडा डोक्यात ठेवला की 'चांगला ग्लोव्ह पण दुबळी बॅट' आणि 'जोरदार बॅट पण दगडी हात' यांतली निवड सोपी होते: कोपऱ्यात बॅट घ्या, मध्यभागी ग्लोव्ह. बेट्ससारखा खेळाडू दोन्ही देतो म्हणून तो स्टार. तुमच्या खेळात त्याच्या कार्डावर सेंटर फिल्डचीही श्रेणी छापलेली असेल तर ती जरूर बघा. त्याचा तोच ग्लोव्ह मध्यभागी दीडपट चेंडूंना सामोरा जातो.

आणि थ्रोचं काय? उणे आकडा चांगला की वाईट?

उणे चांगला. धावणाऱ्याच्या कार्डावर समजा १-१४ असा वेग आहे. वीस बाजूंच्या फाशावर चौदापर्यंत आला तर तो सुखरूप, म्हणजे ७० टक्के. चेंडू उणे ३ हाताच्या आउटफिल्डरकडे गेला तर ते १-११ होतं, म्हणजे ५५ टक्के. अधिक ३ असेल तर १-१७, म्हणजे ८५ टक्के.

पण खरा परिणाम बाद झालेल्यांत दिसत नाही. ५५ टक्के पाहिले की समोरचा मॅनेजर धावणाऱ्याला थांबवतो, तो तिसऱ्याऐवजी दुसऱ्या बेसवर उभा राहतो, आणि पुढच्या फ्लायवर धाव होत नाही. हे कुठल्याही तक्त्यात नोंदलं जात नाही. अनुभवी खेळाडू चांगल्या हातासाठी थोडे जास्त मोजतात ते यासाठी. राइट फिल्डला तर हात हवाच, कारण पहिल्या बेसवरून तिसऱ्याकडे धावणाऱ्याला रोखायचं तर थ्रो सगळ्यात लांबचा तिथूनच असतो.

३० चोरलेले बेस म्हणजे मोठा फायदा नाही का?

फायदा आहे, पण नावाइतका मोठा नाही. यशस्वी चोरीने साधारण ०.२ धाव मिळते, पकडला गेला तर त्याच्या दुप्पट जाते. म्हणून ७० टक्क्यांच्या खाली यश असेल तर धावूच नये. बेट्स ३६ पैकी ३० वेळा यशस्वी झाला, ८३ टक्के. हंगामात फायदा तीन-चार धावांचा. त्याच वर्षी ट्राउट २६ पैकी २४ वेळा यशस्वी झाला, त्याचाही फायदा जवळजवळ तितकाच.

रिकी हेंडरसनचं १९९० याच्या वरच्या पायरीवर आहे: ६५ यशस्वी, १० अपयशी. तरीही नऊच धावा होतात. त्याच्या .४३९ ऑन-बेस टक्केवारीने त्याहून कितीतरी जास्त दिलं. कार्ड वाचताना कंसातले दोन आकडे बघा. पहिला धावणाऱ्याला चांगली आघाडी मिळाल्यावरचा, दुसरा ती न मिळाल्यावरचा. समोरचा कॅचर (फलंदाजामागे उभा राहून चेंडू पकडणारा) जोरदार हाताचा असेल तर दोन्ही खाली येतात. अशा दिवशी वेगवान माणसालाही थांबवायला शिका.

एपीबीएचं कार्ड घेतलं तर हाच हिशेब चालेल का?

नाही, तिथे कार्डाची रचनाच निराळी. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये डिक सीट्झ यांनी १९५१ मध्ये तो खेळ विकायला सुरुवात केली. दोन फासे बेरजेने न वाचता ओळीने वाचतात, ११ पासून ६६ पर्यंत, म्हणून ३६ निकाल आणि प्रत्येकाची संधी सारखी. कार्डावर निकालाचे क्रमांक असतात. १ म्हणजे होम रन, १३ म्हणजे स्ट्राइकआउट, १४ म्हणजे वॉक. ताकदवान फलंदाजाच्या ६६ वर १ असतो, आणि तो पडला की टेबलाभोवती आरडाओरडा ठरलेला. पिचरची श्रेणी वरची असेल तर ७, ८, ९ या क्रमांकांतल्या काही हिट बाद होतात. म्हणून तिथे ७ ते ९ वर जगणाऱ्या फलंदाजापेक्षा लहान क्रमांक आणि १४ वर जगणारा जास्त भरवशाचा.

क्षेत्ररक्षणही एकत्रित. आउटफिल्डरची श्रेणी १ ते ३, इथे ३ सर्वोत्तम. नऊ जणांची बेरीज ४१ किंवा जास्त झाली तर संघ पहिल्या दर्जाचा, ३६ ते ४० दुसऱ्या, त्याखाली तिसऱ्या. म्हणजे २ ऐवजी ३ चा आउटफिल्डर आणल्याने बेरीज ४० ची ४१ होत असेल तर त्याचं मोल मोठं, ३८ ची ३९ होत असेल तर काहीच नाही. एपीबीएमध्ये एकट्या कार्डाला किंमत लावण्याआधी संघाची बेरीज करा.

ऐंशी खेपांचा एखादा राखीव खेळाडू कार्डावर बेट्सपेक्षा भारी दिसतो. त्याला घ्यावं का?

लीगचे नियम बघून. कार्ड त्या ऐंशी खेपा जशाच्या तशा उतरवतं, मग त्या नशिबाच्या का असेनात. खऱ्या खेपांइतकंच खेळवायचं असा नियम असेल तर डावखुऱ्या पिचरसमोर, सातव्या डावात बदली म्हणून तो उत्तम. तसा नियम नसलेल्या लीगमध्ये अशी कार्डं सगळा तोल बिघडवतात. नवी लीग काढत असाल तर मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

पन्नास सामने झाले, माझा बेट्स .३८० ऑन-बेसवर अडकलाय. कार्डात काही गडबड आहे का?

नसावी. पन्नास सामन्यांत सुमारे २२० खेपा होतात. .४३८ चा खेळाडू इतक्या खेपांत निव्वळ फाशांमुळे .०३३ इकडे किंवा तिकडे सहज सरकतो, आणि त्याच्या दुप्पट सरकणंही वीसातून एखाद्या वेळी घडतं. .३८० त्या टप्प्याच्या आत बसतो. पूर्ण ६०० खेपांनंतरही .०२० चा फरक नेहमीचा आहे.

एक तपासणी मात्र करा. पांढऱ्या फाशावर १-२-३ किती वेळा आला ते पुढचे दहा सामने लिहून ठेवा. निम्म्याहून बराच कमी आला असेल तर बेट्सच्या बहुतेक खेपा पिचरच्या कार्डावर गेल्या आहेत आणि त्याच्या स्वतःच्या ६० संधींना वावच मिळालेला नाही. डावखुऱ्या आणि उजव्या पिचरसमोरच्या खेपाही वेगळ्या मोजा. आणि या नोंदी पूर्ण होईपर्यंत त्याला कोणाशी अदलाबदल करू नका.